गुलाबी पाकिटातलं वाण

प्रिय वसू,

शुक्रवारी तुला ऑपरेशनला ड्राइव्ह करून न्यायला मी हो म्हणाले आणि फोन ठेवल्यापासून माझं डोकं फिरलंय. तुझ्यावर नाही, आधी स्वतःवरच. फोनवर बोलायला गेले तर तू हसण्यावारी नेशील, म्हणून चक्क कागद घेऊन बसलेय. वेस्ट विंडसरमध्ये चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या मैत्रिणीला पत्र लिहितेय, वेडी म्हण हवं तर.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तू त्या नव्या क्लिनिकला स्पॉन्सर म्हणून घेतलंस आणि तिळगुळाबरोबर प्रत्येकीच्या हातात गुलाबी पाकीट ठेवलंस. आत फ्री कन्सल्टेशनचं कूपन. वाण नाकारायचं नसतं, म्हणून वीसजणी निमूट घेऊन गेलो. सगळ्यांना वाटलं, फेशियलचं असेल. शोभनाकाकूंनी तर गुडघ्यांसाठी फोन लावला. तिथे कसली ऑपरेशनं करतात ते कळल्यावर बिचाऱ्या आठवडाभर देवळाकडे फिरकल्या नाहीत.

तुला सांगितलं नाही, पण मीसुद्धा गेले होते. कुशच्या बाळंतपणातले टाके भरून आल्यावर सुमंत एकदा म्हणाला होता, आता पूर्वीसारखं राहिलं नाही. एकदाच म्हणाला, आणि बहुतेक विसरलाही. मी मात्र सोळा वर्षं ते वाक्य मनात धरून दिवा आधी मालवत आले. लाज वाटायची गं, स्वतःच्याच अंगाची.

डॉक्टरीणबाई गोड होती. टॅबलेटवर मेनू कार्डासारखे ऑप्शन्स दाखवले. योनीचे ओठ कापून लहान करायचे, आतून घट्ट करायचं, लेझरने रंग उजळायचा, चरबी भरायची. ऑपरेशननंतरचे सगळे फोटो एकाच साच्यातल्या मोदकांसारखे. मग तिने हातात आरसा दिला आणि विचारलं, नेमकं काय खटकतंय. वसू, सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, दोन बाळंतपणं झालेली, आणि तिथे मी स्वतःला पहिल्यांदा पाहिलं. खटकण्यासारखं काहीच सापडेना. दुखतं का, चालताना, सायकलवर टोचतं का, तिने विचारलं. नाही म्हटलं. पाकीट तिच्या टेबलावर ठेवून आले. वाण परत केलं, काय पाप लागायचं ते लागू दे. घरी येऊन सुमंतला सांगितलं, की तुझं टक्कल मी इतकी वर्षं बिनतक्रार बघतेय. दोन दिवस टोपी घालून हिंडत होता.

तुला दुखत असेल, तर खुशाल कर. मी उशाशी सूप घेऊन बसेन. पण परवा फोनवर तू तीनदा म्हणालीस, शंतनूला वाटतं. नवऱ्याला काय वाटतं ते सांगितलंस; मला वाटतं, असं एकदाही म्हणाली नाहीस. पुढच्या संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे आहे. त्यासाठी ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून पंचवीस हात-आरसे आणलेत, आणि तुझं वाण आत्ताच पत्राबरोबर पाठवतेय. हे परत घेणार नाही. बाथरूमची कडी लाव आणि नीट बघ. शुक्रवारी सातला मी गाडी घेऊन दारात उभी असेन. गाडी कुठे वळवायची ते तू सांगायचंस, शंतनूने नाही.

तुझीच, आणि शुक्रवारची ड्रायव्हर,
मंजुषा