नकाशातून लपवलेली वस्ती

बा, कुऱ्हाड खांद्यावर ठेवून साऱ्या घरात कुऱ्हाड शोधत फिरणारा तू. मेल्यावर तुह्या ध्यानात काय राह्यलं असणार? मी तुही धाकटी पोरगी. मले अक्षर येत नाई, म्हणून मी सांगून राह्यली आणि माही नात लिहून राह्यली.

परवा ती मले चंद्रपूरले घेऊन गेली. परकोटाच्या गेटाजवळ एका चाचाचं जुन्या कागदांचं दुकान आहे. भिंतीवर वाघांची, राण्यांची छापील चित्रं, आणि पिंपात गुंडाळून उभे केलेले नकाशे. शहरातले लोक ते काचेत घालून बैठकीत लावतात म्हणे. आमाले लावायचं नव्हतं. गावानं जंगलावरचा हक्क मागितला आहे, आणि आपली वस्ती तिथी जुनी आहे याचा पुरावा मागतात. नात दोन वर्षांपासून तोच शोधून राह्यली.

चाचानं आपल्या भागाचा नकाशा पसरवला. "देखो बाई, असली चीज है. साहब लोगों ने पैदल घूम के बनाया." नातीले नदीचं नाव वाचता आलं, पण नदी मलेच वाचता आली. इथी वळली, इथी नाला मिळाला, हा आपला डोह. बोट टेकवलं तिथी नुसती झाडं काढलेली.

"आजी, इथी एकबी घर नाई."

"साहेबाले दिसलं नसेल."

"एवढी वस्ती? आंधळा होता का तो?"

आंधळा नव्हता, बा. त्याच्यापुढं मोजणीची साखळी ओढत तू चालला होता. जंगलसाहेबाले गाव सापडलं की कोंबडी फुकट, अंडी फुकट, माणूसबी फुकट. म्हणून तू त्याले नाल्याच्या पल्याडून फिरवलं. त्या दिवशी धूर दिसू नये म्हणून एकाही घरी चूल पेटत नाई. मी टोपलीवर बसून आहे, खाली कोंबडा, आणि तू बजावून गेला आहेस, "आरवला तर त्याच्यासंगं तुलेबी साहेबाच्या तंबूत पाठवीन." कोंबडा गुमान राह्यते. संध्याकाळी तू हसत येतोस, सारी वस्ती तुले शहाणा म्हणते. मीबी म्हटलं. आजबी म्हणते, पण आता जोर लागते.

"ले लो बाई, जंगल बहुत खूबसूरत है," चाचा म्हणाला. नातीनं नकाशा गुंडाळून पिंपात ठेवला.

तुहं काम तिले आता, लिहिता लिहिता कळलं. पेन थांबला आहे. "आजी, दुकानात काऊन नाई सांगितलं?" म्हणते. लिही, म्हटलं, तेबी लिही. बापाले नातीपुढं खाली पाहावं लागेल, याचं भेव वाटलं. "म्हाताऱ्यांचं बोलणंबी पुरावा धरतात," म्हणते. "हे साऱ्यांपुढं सांगशील?"

मी अजून हो म्हटलं नाई.

हे पत्र कुठी टाकायचं नाई. पण ही लिहिणारी पोरगी सकाळपासून उपाशी आहे. तिकडून काई पाठवता येत असेल तर तेंदूची ओंजळभर टेंभरं पाठव. पिकलेली पाह्य, कच्ची तिच्या घशात अडकतात.