फाट्यावरची कोरी पाटी

१० सप्टेंबर २०२५

चि. सयाजीभावजी यांना वहिनीचे आशीर्वाद. अमिताला आणि मुलांना प्रेम.

इकडे आम्ही तिघी बऱ्या आहोत. आईंचा गुडघा पावसाने धरलाय, तरी परसात काकडीच्या मांडवाखाली वाकून शिरतातच. ऐकतील तर शपथ! अंकिताला महाडच्या कंपनीत कायम केलं. बस फाट्यापर्यंत येते आणि नव्या पुलावरून ती पाच मिनिटांत घरी. भात पोटरीला आलंय. रानडुकरांनी खालचं खाचर तुडवलं, पण ते दरसालचंच.

पत्र बघून तुम्ही अमिताला म्हणाल, "वहिनीचा फोन मोडला काय?" मोडला नाही हो. पण तुमचा आवाज ऐकला की मी काकडी आणि डुकरांवरच बोलत बसते. गणपतीत पाच दिवस समोर होतात, तरी आपण मोदकांपलीकडे गेलो नाही. तुम्ही बिचारे दोनदा पडवीत येऊन घुटमळलात. मी दोन्ही वेळा भांडी घासायला उठले, तीही घासलेलीच.

तुमच्या मंडळाने फाट्यावर ह्यांच्या नावाने बांधलेल्या शेडच्या उद्घाटनाचं निमंत्रण मी न उघडता परत पाठवलं, त्याचा तुम्हाला राग आला असणार. पाकिटावर माझ्या नावामागे "श्रीमती" लिहिलं होतं. अक्षर तुमचं होतं, भावजी. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी फाडून चुलीत घातलं असतं. तुम्ही लिहिलंत म्हणून परत पाठवलं.

मग उद्घाटन झालं, नारळ फुटला आणि पाटी कोरीच राहिली. पेंटर दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मी त्याला चहा पाजला आणि हाकलला. नाव घाला म्हटलं, पण नावामागे "कै." घालायचं नाही. लोक म्हणाले, तसं कसं चालेल? मग म्हटलं, राहू दे कोरी.

शेड मात्र झकास झालीय. ठेवायला नावच नाही. बाकडी रुंद, पत्रा लांबवर पुढे काढलाय, वाऱ्याच्या अंगाला भिंत. पाऊस कितीही तिरका आला तरी माणूस कोरडा राहतो. ह्यांनी चार ग्रामसभांत हेच मागितलं होतं ना! "पाणी ओसरेपर्यंत उभं राहायला छप्पर द्या," एवढंच. त्या दिवशी ही शेड असती तर हे बसले असते आत, तंबाखू मळत. नदीवरच्या त्या जुन्या लाकडी साकवावर पाय ठेवलाच नसता. मला ती शेड बघितली की बरं वाटतं आणि संतापही येतो. तीन वर्षं उशिरा बांधलेलं छप्पर, काय करू मी त्याचं?

तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल, मी रोज चारच्या सुमाराला तिथे जाऊन बसते. पहिल्या पाळीची बस येते ती वेळ, हेही तिनेच यायचे. माणसं उतरतात, "काय वहिनी" म्हणतात, जातात. मी कुणाची वाट बघत नाही असं मी सगळ्यांना सांगते. अंकिता एकदा शेजारी बसून म्हणाली, "आई, मी रोज त्याच बसने येते. बाबा नसतात गं त्या बसमध्ये." मी तिच्यावर एवढी ओरडले की ती दोन दिवस बोलली नाही.

पण मला सांगा, त्या दिवशी काठावर असलेल्या जानूने काय बघितलं? ह्यांना साकवावर जाताना बघितलं. पडताना बघितलं नाही. नदीने काही परत दिलं नाही, साधी चप्पलसुद्धा नाही. मग मी कशाच्या आधारावर कपाळ पुसू? असं मी तीन वर्षं म्हणत आले, आणि तुम्ही कुणी मला उलट बोलला नाहीत.

काल मामंजींची तिथी होती. सगळं नेहमीसारखं केलं. खीर, वडे, भोपळ्याचे घारगे. कौलांवर पितरांची वाडी ठेवली, कावळ्याने लगेच उचलली. मी पानं वाढायला आत वळले तर आई मागच्या दारी. पदराखाली काहीतरी. म्हटलं, "काय लपवताय?" तर पोरीसारख्या दचकल्या.

केळीच्या पानाचा तुकडा होता. त्यावर भाताची मूद आणि दोन घारगे. घारगे कुणाला आवडायचे ते तुम्हाला सांगायला नको.

"ठेवनार नवते गो," म्हणाल्या. "तुझी शपथ. नुसता वाढला. तीन वर्सं मी सगल्यांना जेवाय घालतंय, आन माजा म्हैपती कडंला उबा ऱ्हावून बघतोय. त्याला कोन बोलवीतच नाय."

मी म्हटलं, "आई, ते जिवंत असतील तर?"

"जिता असंल तर कुटंतरी कोन ना कोन घालील त्याला. पन मेला असंल तर आपल्याबिगार कोन घालनार हाय, सांग?"

भावजी, घरात कधी भाकरी कमी पडली तर मी माझी अर्धी मोडून ह्यांच्या ताटात ठेवायची. आणि तीच मी ह्यांना तीन वर्षं दारात उपाशी उभं केलंय काय? मी रडले. भांडी नाही घासली, तिथेच उंबऱ्यावर बसून मोठ्याने रडले.

मग पान आईंच्या हातून घेतलं आणि मीच शिडीवर चढून कौलांवर ठेवलं. कावळा शिवला की नाही, मी बघितलं नाही. आईंनी बघितलं असेल. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं आणि जेवायला वाढलं.

तेव्हा आता ऐका. भटजींना विचारलं. पाण्यात गेलेल्या माणसाला बारा वर्षं थांबायचं कारण नाही, दर्भाचा पुतळा करून सगळं करता येतं म्हणाले. सर्वपित्रीच्या दोन दिवस आधी या. अंकिताला भाऊ नाही, करायचं तुम्हीच. अमिताला आणा, मला तेव्हा बाईमाणूस जवळ लागेल.

पेंटरलाही निरोप धाडलाय. पाटीवर जे लिहायचं ते पूर्ण लिहू दे, "कै." सकट. तो लिहीत असेल तेव्हा तुम्ही माझ्याशेजारी उभे राहा. त्या दिवशी मी चारच्या बसला थांबणार नाही. सकाळीच जाऊ.

आणि पाकिटावर आता तुम्हाला हवं ते लिहा. परत येणार नाही.

तुमची वहिनी,
श्रीमती रेश्मा महिपती

(ह्यांचं नाव आजवर उखाण्यातच घेतलं होतं.)