फ्रिजवरचा फोटो आणि माझं लाइफ जॅकेट

३ मार्च, सोमवार
निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी नवीन करावं म्हणे. मी कयाकमधून, त्या एकट्याने वल्हवायच्या चिंचोळ्या होडीतून, मासे पकडणार आहे म्हटल्यावर मात्र घरात सगळ्यांना ठसका लागला. सुनेने गेल्या महिन्यात एक मासा काय पकडला, त्याचा फोटो अजून फ्रिजवर आहे. तिच्या लग्नाचासुद्धा इतके दिवस नव्हता. येत्या रविवारी तलावावर एकटीने कयाक चालवणार आणि त्या जागी माझा फोटो लावणार. ठरलं.

४ मार्च
सुनेबरोबर लाइफ जॅकेट घ्यायला गेले. फोमचं घालून आरशात पाहिलं. गादी गुंडाळून उभी केल्यासारखी दिसत होते. दुसरं फुगणारं. गळ्यात नुसते दोन सडपातळ पट्टे. दोरी ओढली की आत गॅस भरतो आणि ते फुगतं. तांत्रिकदृष्ट्या हेच योग्य. दिसण्याचा प्रश्नच नाही.
दुकानदाराने वजन विचारलं. अठ्ठावन्न. घरचा काटा बासष्ट दाखवतो, पण तो काटा जुना आहे. मग म्हणतो कसा, मॅडम, पोहता येतं ना? हे पोहणाऱ्यांसाठीच असतं. मला विचारतो! कॉन्व्हेंटमध्ये चार वर्षं पोहण्याच्या एकाही तासाला मी गैरहजर नव्हते. काठावर होते, सगळ्यांचे टॉवेल सांभाळत, पण हजर. हो म्हणून ठणकावून सांगितलं. सून छताकडे बघत होती.

५ मार्च
जेवताना सून म्हणाली, आई, अजून बदलून मिळेल, फोमचंच घ्या ना. गळ फेकताना त्या पट्ट्यात अडकला तर फुगा फाटेल. म्हटलं, तू तुझा गळ सांभाळ. त्यावर हे म्हणाले, अगं, पण तुला पोहता कुठे येतं? इतकी वर्षं संसार करून ह्यांना बायकोबद्दल नेमकं एवढंच माहीत.

७ मार्च
जेवणाच्या खुर्चीत बसून गळ फेकायचा सराव. पहिल्या फेकीत पडदा. दुसऱ्या फेकीत ह्यांचा बनियन, आत हे असताना. एकही फेक वाया गेली नाही. हात बसला म्हणायचा.

८ मार्च
सुनेने एक जादा फोमचं जॅकेट गाडीत टाकलंय. असू दे म्हणे. हा अविश्वास! मी शब्दानेही बोलले नाही. सकाळी थोडं बोलले, दुपारी थोडं. संध्याकाळी ती बाहेर गेली.

९ मार्च, रविवार, पहाटे
निघालो. फ्रिजवरचा तिचा फोटो जरा कडेला सरकवून ठेवला आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
गळ मागे नेऊन झोकात फेकला आणि जबरदस्त ओढ बसली. एवढी ओढ म्हणजे केवढा मासा! मीही सगळा जोर लावला. गळ माझ्याच जॅकेटच्या दोरीत अडकला होता. धाडकन आवाज झाला आणि जॅकेट हनुवटीखाली असं फुगलं की समोरचं काही दिसेना. मी ताडकन उठले. कयाकमध्ये उठायचं नसतं. पाण्यात पडले तर कानाशी फुस्स. गळाने फुगाही फाडला होता. मी बुडतेय, मला पोहता येत नाही, असं मी ओरडले म्हणे. सगळ्या तलावाने ऐकलं म्हणे.
सून काठावरून आली. चालत आली. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. हात धरून हळूच म्हणाली, आई, पाय टेकवा. पाणी कमरेएवढं होतं. हे मला कोणीतरी आधी सांगायला नको?
मग तिने ते जादा जॅकेट माझ्या अंगावर चढवलं, बंद लावले आणि मला पुन्हा कयाकमध्ये बसवलं. फोटोही काढला, वाटेत छापूनही घेतला. गादीच दिसतेय. पण ऊबदार गादी.
घरी आल्या आल्या ह्यांनी विचारलं, मिळालं का काही? सून माझा फोटो फ्रिजवर लावत म्हणाली, मिळालं ना बाबा. काय धूड होतं! बाहेर काढता काढता दमछाक झाली. बासष्ट किलो तरी असेल.
अठ्ठावन्न. ओल्या कपड्यांचं वजन धरत नाहीत.