हुल्डाची होडी आणि बोलणारं पाणमांजर

तीर्थरूप व्हर्नामावशी,

बरबँकहून तुझ्या लेलंडचा नमस्कार, कंबर परवानगी देईल तितका वाकून. (इथल्या स्टुडिओतल्या खुर्च्या फार मऊ आहेत. बसताना बरं वाटतं, उठताना कळतं.) मी इकडे खुशाल आहे, जेवणखाण वेळच्या वेळी चाललं आहे, त्याची मुळीच काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? तळघरातला हीटर यंदा आपण होऊन पेटला, की पुन्हा लाथ घालावी लागली? शेजारचा गॉर्डी अजूनही आपल्या दारातलं बर्फ तुझ्या दारात लोटतो आणि वर तुलाच 'यंदा जरा जास्तच पडलं, नाही?' असं म्हणतो का? इथे बर्फ नाही, लिंबं आहेत. झाडांवरून रस्त्यात पडतात आणि लोक खुशाल त्यांवरून गाड्या घालतात. मला काही ते बघवेना. मी पहिल्याच आठवड्यात पिशवी भरून वेचली, तर संध्याकाळी घरमालकीण माझ्यासाठी सुपाचं पातेलं घेऊन आली. माझ्यावर कसली वेळ आली आहे असं तिला वाटलं कोण जाणे. सूप बरं होतं.

फोनवर तू दर वेळी विचारतेस, 'सिनेमा कुठवर आला?' आणि मी दर वेळी हवापाण्यावर जातो. तेव्हा आता सविस्तर लिहितो. तुझ्या तळघरात माझा शाळूसोबती ड्वेन आणि मी जो फाशांचा खेळ रचला (तुझ्या कपडे वाळवायच्या दोरीवर आमचे नकाशे टांगलेले असायचे आणि तू ते बाजूला सारून चादरी घालायचीस), त्याची पुढे ड्वेनने चित्रं काढली, 'धुक्यापलीकडे' नावाचं कॉमिक झालं, आणि तेच इथल्या मंडळींनी सिनेमासाठी घेतलं. ड्वेन शहाणा, तो आपल्या बेमिजीतच राहिला आणि बर्फावरच्या गाड्या दुरुस्त करतो. खेळाचा जाणकार म्हणून मी इकडे आलो. जाणकाराचं काम काय, तर मीटिंगमध्ये बसायचं आणि लोक आपली गोष्ट आपल्याला समजावून सांगतात ती ऐकायची.

इथली पहिली गंमत म्हणजे इथे कुणी कशाला नावं ठेवत नाही. सगळ्यांचं सगळ्यावर प्रेम असतं. आमच्या खेळातल्या म्हाताऱ्या, लंगड्या नावाडणीबद्दल 'आमचं हुल्डावर प्रेम आहे,' असं म्हणाले की समजावं, हुल्डाचे दिवस भरले. दुसरी गंमत अशी की मीटिंगला जितक्या खुर्च्या तितक्या सूचना आल्याच पाहिजेत. जो सूचना करणार नाही त्याला पुढच्या वेळी खुर्ची नसते. त्यामुळे जो तो काही ना काही सुचवतो, बिचारे काय करतील! आणि इथल्या मोठ्या साहेबालाही अरे-तुरे करायची रीत आहे. त्याचं नाव कॉर्ट. मी सवयीने 'अहो मिस्टर प्रेंटिस' म्हणालो तर त्याला वाटलं मी रागावलो आहे, आणि त्याने मला पाण्याची बाटली दिली.

आता माझा गाढवपणा ऐक. खेळ चालवणाऱ्याने खेळाडूला कधी 'नाही' म्हणू नये, हे तुझ्या तळघरात शिकलेलं माझं एकमेव शास्त्र. ड्वेन म्हणायचा, मी बुरुजावरून थेट ड्रॅगनच्या पाठीवर उडी मारतो. मी म्हणायचो, 'करून बघ.' मग वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि ड्वेनचं काय व्हायचं ते व्हायचं. (बहुधा खंदकात.) ही जन्माची सवय. इथे पहिल्या मीटिंगला एकाने विचारलं, हुल्डा जरा तरुण असली तर? मी म्हणालो, 'करून बघा.' दुसऱ्याने विचारलं, तिचा पाय बरा झाला तर? 'करून बघा.' होडी उडाली तर? 'करून बघा की.' मंडळी खूष. असा समजूतदार लेखक आम्ही बघितला नाही, म्हणाले. मी वाट बघतोय, फासा कोण टाकणार? फासा कुणी टाकलाच नाही, मावशी. त्यांनी करूनच टाकलं! महिन्याभराने नवी पटकथा हातात आली. हुल्डा बावीस वर्षांची, दोन्ही पायांनी धडधाकट, होडीला पंख, आणि होडीत तिच्या सोबतीला एक बोलणारं पाणमांजर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पाणमांजर कुठून आलं विचारशील. खेळणीवाल्यांकडून. म्हाताऱ्या लंगड्या नावाडणीची बाहुली कोणी घेणार नाही, असं त्यांचं मत पडलं. पाणमांजर दाबलं की बोलतं म्हणे, आणि त्याचे मिशांसकट नमुने पटकथेच्या आधी तयार होते. मी एक घरी आणलं आहे. ते टेबलावर बसून माझ्याकडे बघत असतं. नाकापेक्षा मोती जड व्हायला वेळ लागत नाही.

हे सगळं मी हसत सोसलं असतं. पण हुल्डाचा तो प्रश्न त्यांनी काढून टाकला, तिथे माझं हसू संपलं. खेळात हुल्डा नदीपार नेण्याचे पैसे घेत नाही, एवढंच विचारते, 'आज काय खाल्लंस?' खरं सांगणाऱ्याला ती पार नेते, आणि उपाशी असेल त्याला भाकरी देऊन नेते. त्या जागी नव्या पटकथेत तलवारीची मारामारी होती. हुल्डा कोण हे मी तुला कधी सांगितलं नाही, पण तू काही दुधखुळी नाहीस. आई गेली त्या हिवाळ्यात बाबा लाकडाच्या गिरणीत रात्रपाळी करायचे आणि मी सकाळी तसाच उपाशी, तू चालवायचीस त्या शाळेच्या बसमध्ये चढायचो. तू चढणाऱ्या प्रत्येक पोराला विचारायचीस, 'काय खाल्लंस?' मी म्हणालो होतो, पॅनकेक. तू आरशातून नुसतं बघितलंस आणि सीटखालच्या डब्यातलं सॉसेजचं सँडविच मागे सरकवलंस. त्याच आठवड्यात मला घरी घेऊन गेलीस. तो प्रश्न गेला तर त्या सिनेमात माझं काही उरत नाही, मग होडीला पंख असोत की चाकं.

मी टॅमसिनकडे गेलो. आमच्या सिनेमाचा सगळा कारभार ती बघते, ड्वेनच्या थोरलीएवढी असेल. मी तणतणत गेलो होतो. ती म्हणाली, 'लेलंड, तू सगळ्याला हो म्हणालास रे! तुझ्या त्या हो-वर मी वर जाऊन सही केली. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू?' मी फाशाचं शास्त्र सांगितलं. तिने डोकं टेबलावर ठेवलं. मग मला खिडकीतून गाड्या लावायची जागा दाखवली. तिथे जमिनीवर प्रत्येकाचं नाव रंगवलेलं असतं. तिच्या नावाखाली दुसरं एक नाव पुसट दिसत होतं, आणि त्याच्याखाली आणखी एक. ती म्हणाली, रंगवणारा माणूस फार भला आहे, पण तो डबा घेऊन आला की ती आधी खाली जाऊन आपलं नाव बघून येते. मी काय भांडणार, मावशी? पोरगी रात्रंदिवस राबते आणि तिच्या नावाचा रंग अजून ओला आहे.

तेव्हा मी माझ्या परीने उपाय केला. सगळ्यांना म्हणालो, शुक्रवारी दुपारी माझा खेळ खेळून बघा. आणि कामाला लागणाऱ्याला आधी खायला घालावं हा तुझा नियम, म्हणून घरमालकिणीच्या ओव्हनमध्ये हॉटडिश भाजलं, अगदी तुझ्या कृतीने, खाली खिमा, मध्ये मशरूमचं सूप, वर बटाट्याचे गोळे. ते गरम भांडं टॉवेलात गुंडाळून मी दोन बसेस बदलून नेलं. कुणी शिवलं नाही. एकाला गहू चालत नाही, एकीला दूध, तिसरा डोळे असलेल्या कुठल्याच जिवाचं काही खात नाही, आणि कॉर्ट दुपारी जेवतच नाही, त्याचं काहीतरी व्रत आहे. भांडं मध्ये वाफाळत राहिलं, फासे बाजूला, आणि खेळ सुरू झाला.

कॉर्ट शूर सरदार झाला. नदी आली तसा म्हणाला, 'मी उडून जातो.' मी म्हणालो, 'करून बघ.' आणि फासा त्याच्या हातात दिला. एक पडला. सरदार चिलखतासकट पाण्यात. 'परत उडतो!' 'बघ करून.' परत पाण्यात. तिसऱ्या वेळेला त्याने माझ्याकडे जरा निराळ्याच नजरेने बघितलं आणि टॅमसिन खोकल्याचं निमित्त करून हसली. मग मी हुल्डाला आणलं, लंगडत, म्हातारी, तुझ्या आवाजात. (तुझा आवाज मला चांगला जमतो, रागावू नकोस.) 'काय रे बाबा, आज काय खाल्लंस?' कॉर्ट म्हणाला, 'राजवाड्यावर मेजवानी होती.' खोटं बोलणाऱ्याला हुल्डा होडीतून ढकलत नाही, नुसती वल्हवत राहते आणि काठ येत नाही. मी फासे खाली ठेवले आणि हाताने वल्हवत राहिलो. चांगला वेळ वल्हवलं. कॉर्टने घड्याळ बघितलं, 'हे किती चालणार?' मी वल्हवतोय. कंबर तेव्हाच धरली.

मग मी टॅमसिनकडे वळून विचारलं, 'आणि तू गं? काय खाल्लंस?' ती होती तिरंदाज. काहीतरी झोकात बोलणार म्हणून तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, 'अर्धं केळं. गाडीत.' मग थोडं थांबून, 'कालही तेवढंच वाटतं.' आणि रडायलाच लागली की! या लोकांचं एकमेकांवर इतकं प्रेम, पण हा प्रश्न तिथे कुणी कुणाला विचारलाच नव्हता. मी हॉटडिशवरचा टॉवेल काढला आणि तिला वाढलं. ज्याला गहू चालत नव्हता त्याने बशी पुढे केली. डोळेवाल्याने डोळे मिटून खाल्लं. शेवटी कॉर्ट हळूच म्हणाला, 'मीसुद्धा सकाळपासून काही नाही,' आणि भांड्याच्या कडेचं खरपूस खरवडून त्यानेच संपवलं. हात पुसत म्हणाला, 'तो प्रश्न सिनेमात राहिलाच पाहिजे. कुणी काढला तो?' सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

तर मावशी, असा तुझा भाचा जिंकला. प्रश्न राहिला. तुझ्या कृतीला स्टुडिओत मान मिळाला. गॉर्डीला सांग, चर्चमधल्या बायकांनाही सांग, पण ड्वेनला जरा बेताने सांग, तो लगेच विचारेल की चित्रं कुणाची. हीटरला लाथ डावीकडून घाल, उजवीकडचा पत्रा सैल आहे. गुडघा सांभाळ, आणि थोडं माझ्या वाटचंही बर्फ बघ.

तुझाच,
लेलंड

ता.क. ताकाला जाऊन भांडं किती लपवू? प्रश्न राहिला हे खरं, पण सोमवारी नवी पटकथा आली. प्रश्न आता पाणमांजर विचारतं. दाबलं की विचारतं, तसं खेळणंही होणार आहे. हुल्डा नाहीच. ती तरुण नाही, म्हातारी नाही, मुळातच नाही. टॅमसिन सांगताना माझ्याकडे बघू शकली नाही. म्हणाली, 'बोल ना तू, नेहमीसारखं करून बघा म्हण.' मावशी, मी त्या टेबलापाशी जन्मात पहिल्यांदा 'नाही' म्हणालो. आवाज इतका मोठा निघाला की सगळे दचकले, सगळ्यात जास्त मी. कॉर्टने विचारलं, एका म्हातारीसाठी एवढं का? मी म्हणालो, कारण ती आहे. बेमिजीत राहते. गुडघा दुखतो तिचा.

ता.क. २ हे पत्र खरं म्हणजे यासाठी लिहिलं. कॉर्ट म्हणाला, खरंच असेल तर मला तिच्याशी बोलू दे, मग ठरवतो. रविवारी तू चर्चमधून आलीस की तो फोन करील. आपल्याकडच्यासारखं 'तुम्हाला सोयीचं ते करा, आमचं काय' असं कृपा करून म्हणू नकोस. (आपण सगळे त्यातच बुडतो.) माझी तरफदारी करू नकोस, हुल्डाचं नावही काढू नकोस. बसच्या पायरीवर विचारायचीस तेवढं विचार आणि गप्प राहा. तो आधी खोटंच सांगेल. तू वल्हवत राहा.

ता.क. ३ वर तब्येतीच्या ओळीत जेवणाबद्दल लिहिलं आहे ते खोडणार होतो, पण तू ते वाचताक्षणीच आरशातून बघितलं असशील. कालपासून कॉफी आणि एक लिंबू.