नॅपकिनखालचा सौदा

ओतूर, बुधवार

प्रिय राजरत्नदादा,

सप्रेम जयभीम. तुझी कंबर कशी आहे? वहिनींचा गुडघा? (दोघांनी एकाच रिक्षाने डॉक्टरकडे जावं, भाडं वाचेल.)

मी कालच दिल्लीहून परतले आणि डोकं अजून तापलेलं आहे. जावईबापू परराष्ट्र खात्यात, म्हणून रुपालीने मलाही एका राजदूताच्या घरी जेवायला नेलं. तिथे जो तो विचारी, आपले यजमान कोणत्या हुद्द्यावर होते? दादा, तीस वर्षं फ्रँकफर्ट आणि सिंगापूरच्या बँकांत परकीय चलनाचे सौदे मी केले. यजमान घरी पोळ्या लाटत (माझ्यापेक्षा गोल). हे सांगितलं की लोक हसत आणि सूपकडे वळत.

राजदूत मात्र चौकस. हे कुठे शिकलात, म्हणाले. मी म्हटलं, बेल्ह्याच्या बैलबाजारात! कॉन्व्हेंटला सुट्टी लागली की आपले बाजीरावकाका, बैलांचे दलाल, टॉवेलखाली माझा हात धरून, बोटं दाबून भाव सांगायला शिकवत आणि दटावत, "पोरी, बोटं बोलत्यात, त्वांड बंद ठिव!" बँकेत भाव पडद्यावर दिसे, माणूस दिसत नसे, बाजारात माणूस समोर आणि भाव झाकलेला. यातला व्यवहार जास्त खरा कोणता, मला अजून कळलेलं नाही.

राजदूत म्हणाले, दाखवा. विकायला काहीतरी हवं, म्हणून मी तुझा हौशा बैल काढला आणि नॅपकिनखाली त्यांचा हात ओढला. त्यांनी बोटं दाबली, मी दाबली, बराच वेळ. समोर त्यांच्या पत्नीने काटा खाली ठेवला. रुपाली कानाशी, "आई, हात सोड ना!" पण चालू सौद्यात हात सोडायचा? शेवटी त्यांनी मूठ आवळली, म्हणजे सौदा पक्का, टाळ्या पडल्या. मग गृहस्थ (वडिलांचा गोठा होता म्हणे) गंभीरपणे म्हणाले, "बैल न्यायला कधी येऊ?"

येत्या सोमवारी ते तुझ्याकडे येताहेत. पत्नीही येतेय. बैल खरंच आहे का, हे तिला पाहायचंय.

तुझी,
यशोधरा

ता. क. मी आयुष्यात सौदा मोडलेला नाही, तेव्हा हा तू मोड. बैल माझा, देत नाही, असं ठणकावून सांग. मी चारचौघांत तुझ्याशी भांडेन, ऐकू नकोस.

आणखी एक. त्यांनी हात पुढे केला तर लांबूनच जयभीम कर. माणूस फार लवकर शिकतो. हौशा मी अर्ध्या किमतीत दिलाय.