भिंगातलं तीर्थ

बोरीवली

तीर्थरूप आईस, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझी आमसुलं, कुळथाचं पीठ आणि देवळातल्या तीर्थाची बाटली पोचली. एसटीवाल्याला साठ रुपये दिले.

आधीच सांगते, अक्षता बरी आहे. तिच्या बुबुळाला टोक आल्याने नजर धूसर झालीय, म्हणून डॉक्टरीणबाईंनी माप घेऊन डोळ्यातच घालायचं मोठं कडक भिंग, म्हणजे लेन्स, बसवलं. ते वाटीसारखं धरायचं, सलाईनने, म्हणजे जंतू मारलेल्या मिठाच्या पाण्याने, भरायचं आणि मान खाली घालून डोळ्यात बसवायचं. पोरीने खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचली, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मात्र मी सलाईनऐवजी तुझं तीर्थ भरलं. अक्षता म्हणाली, "मम्मी, हे चालतं ना?" म्हटलं, "देवाचं आहे गं."

संध्याकाळी डोळा लालभडक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, हे पाणी दिवसभर भिंगाखाली राहिलं. त्यातल्या जंतूंनी नजर गेली असती." देवाचं पाणी, गो आई. औषधाने लाली उतरतेय, भिंग सध्या बंद आहे.

घरी येताना आठवलं, मोतीबिंदू काढल्यापासून तू बाबांच्या डोळ्यात रोज हेच तीर्थ घालतेस. तुमच्या घरी फोन नाही, तर तुमच्या शेजारच्या दत्तारामला फोन केला, तर म्हणतो, "काकीला देवाचं बंद कर म्हणून मी नाय सांगणार." म्हणून लिहिते. आजपासून तीर्थ त्यांच्या हातावर दे, डोळ्यात नको.

त्यांचा डोळा कसा आहे, उलट टपाली कळव. उत्तर मात्र बाबांना स्वतःच्या हाताने लिहू दे, अक्षर ओळीत येतं का ते मला बघायचंय.

तुझी,
सुगंधा