खुंटीवरची चावी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र पोचलं. चार ओळींचं. आजी, तू आली नाहीस. हॉटेलवाल्याने खोलीचे पैसे परत दिले, म्हणजे तिथवरही पोचली नाहीस. साक्षीदाराच्या सहीला शेवटी कचेरीतला शिपाई उभा राहिला. आता येऊ नकोस. एवढंच. पोस्टाचा खर्च फुकट घालवलास, एवढं तर पाकिटावरच मावलं असतं. तर आता बस आणि वाच, कारण मी आले होते. तुझ्या हॉटेलात राहिले, तुझ्या दोनशे चौदा नंबरच्या खोलीत झोपले आणि तुमचं लग्न लागत होतं तेव्हा त्याच गावात उशांचे अभ्रे घडी घालत बसले होते. हे ऐकून तुला जसं काही कळत नाही, तसं मलाही अजून धड कळलेलं नाही. लिहिता लिहिता कळलं तर बघू. शाळा माझी तिसरीपर्यंत, त्यामुळे अक्षर लावून वाच. फोन माझ्याकडे नाही, तुझा नंबर त्यातच होता. तुझ्या बापाकडे आहे, पण तुझं नाव काढलं की तो उठून दुसऱ्या खोलीत जातो, आणि त्याच्यामागे खोल्या फिरायचं माझं वय राहिलं नाही.

आधी विमानतळाचं सांगते. तू दोन पानं भरून यादी पाठवली होतीस. एका पानावर हॉटेलचे पैसे कसे वाचवायचे आणि दुसऱ्यावर तपासणीतून सुरळीत कसं निघायचं. मी दुसरं पान पाठच केलं. नाडीचे बूट घालू नको. पाण्याची बाटली रिकामी करून ने. तेल, औषध सगळं छोट्या बाटलीत, आणि बाटल्या एका पिशवीत. ओळखपत्र हातात. खिशातलं सगळं आधीच बॅगेत. सगळं केलं. पण यादीत सेफ्टी पिनांचं कुठे होतं? मी दारातून गेले आणि ते दार कोकलायला लागलं. तपासणीवाली बाई म्हणाली, आजी, अंगावर काही धातू आहे का. मी म्हटलं, या वयात दातही नाहीत, धातू कुठला. मग तिने ती काठी फिरवली आणि एकेक करून माझ्या कपड्यांतून अकरा पिना निघाल्या. आयुष्यभर मी बटण तुटलं की पिन लावली, बटण काही परत लावलं नाही, त्याचा सगळा हिशेब त्या बाईसमोर निघाला. मागे रांग खोळंबलेली. एक टायवाला सारखा घड्याळ बघत होता. मी त्याला म्हटलं, बाबा, तू हो पुढे, तुझं विमान काय माझ्या पिनांनी अडवलंय. या गडबडीत मी बूट घेतले, बॅग घेतली, पिना मोजून घेतल्या, आणि फोन त्या ट्रेमध्येच राहिला. काळा ट्रे, काळा फोन. विमानात बसल्यावर आठवलं. हवाई सुंदरीला म्हटलं, जरा थांबवायला सांग. ती गोड हसली. त्या बायका कशालाही हसतात.

तुझी संध्याकाळची पाळी होती, त्यामुळे मी टॅक्सीवाल्याला चिठ्ठी दाखवली आणि हॉटेलवर पोचले. तुझ्या होस्टेलात पाहुणा चालत नाही म्हणून हॉटेल, हे मला मान्य होतं. पण काउंटरवरचा माणूस घरी जायच्या घाईत होता. तो म्हणाला, पैसे भरलेले आहेत ना, मग वहीत सकाळचा माणूस लिहील, आणि त्याने मागच्या फळीवरची चावी काढून माझ्या हातात ठेवली. त्या फळीवर प्रत्येक खोलीची एक खुंटी होती. मला बरं वाटलं. हल्ली सगळीकडे चावीऐवजी पत्ते असतात म्हणे, सरकवायचे. खोली तू स्वस्तातली घेतली होतीस. यादीतल्या तुझ्या युक्त्या वाचून मला हसूच आलं होतं. मागच्या बाजूची खोली घे, नाश्ता सोडून दे, आठवड्याच्या मधल्या वारी जा. अगं, अठ्ठावीस वर्षं मी हॉटेलच्या खोल्या झाडल्या, ही अक्कल तू कोणाला शिकवतेस? रिकामी खोली म्हणजे मालकाला शिळी भाजी. अंधार पडल्यावर स्वतः जाऊन काउंटरपाशी उभं राहायचं, थकल्यासारखं तोंड करायचं आणि दुसरीकडे बघते म्हणायचं. पाऊल उंबऱ्याबाहेर पडायच्या आत भाव उतरतो. लिफ्टजवळची खोली मात्र फुकट दिली तरी घ्यायची नाही. तू नेमकी तीच घेतली होतीस.

सकाळी पाच वाजता जाग आली, नेहमीसारखी. तुम्ही दहाला न्यायला येणार होतात. पाच तास एका खोलीत बसून करायचं काय? बिछाना घातला. तू घालतेस तसा नाही, चादर अशी ताणून की वर नाणं टाकलं तर उडेल. मोरी पुसली, आरसा पुसला, बेसिनच्या नळाला चमक आणली. टॉवेल आधीच्या घडीतच परत घातला. कचऱ्याची बादली खाली नेऊन ओतली. अंघोळीच्या खोलीतल्या त्या कागदाच्या रिळाला टोकाशी त्रिकोण करून ठेवला, तोसुद्धा हाताने आपोआप झाला, मी कुठे ठरवलं होतं. मग बॅग घेतली, कारण खोलीत सामान सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकांचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय. कुलूप लावलं आणि खाली आले. काउंटरवर कोणी नव्हतं. मी आत वळून चावी दोनशे चौदाच्या खुंटीला लावली. अठ्ठावीस वर्षं खोली झाली की चावी खुंटीला, हाच नेम. पाहुण्याने चावी स्वतःजवळ ठेवायची असते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी कधी पाहुणी होते?

जिन्याखाली, काउंटरच्या मागच्या भिंतीपलीकडे, चादरींची खोली होती. तिथे दोन झाडूवाल्या बायका चहा पीत होत्या. एक लठ्ठ आणि एक तिची भाची. मी आत डोकावले तर लठ्ठ म्हणाली, आजी, बाथरूम तिकडे आहे. मी म्हटलं, बाथरूम नको, तुझी ही चादर अशी घडी घालशील तर कोपऱ्याला सुरकुती राहील. तिने मला वरून खाली पाहिलं आणि स्टूल सरकवलं. अशा ठिकाणी ओळख करून द्यावी लागत नाही. मग आम्ही तिघी अभ्र्यांचा ढीग घेऊन बसलो. लठ्ठने मालकाला शिव्या दिल्या, मी आमच्या जुन्या मालकाला दिल्या, भाची ऐकत बसली. तुम्ही दहाला न्यायला येणार होतात, असं मी मघाशी लिहिलं. ते तसंच राहू दे, पुढे येते त्याच्याकडे.

बारा वाजता बाहेर आले. काउंटरवर सकाळचा माणूस. मी म्हटलं, दोनशे चौदा. तो म्हणाला, ती रिकामी आहे, पाहिजे का? मी म्हटलं, मी रात्री तिथेच झोपले. तो म्हणाला, शक्य नाही. वहीत नाव नाही, चावी खुंटीला, आणि एक मुलगी चौकशी करत आली तेव्हा मी स्वतः वर जाऊन बघून आलो, बिछान्याला कोणाचा हातही लागलेला नव्हता. मग माझ्याकडे भूत बघितल्यासारखा बघत राहिला. मी पैसे काढले, तर म्हणाला ते मी परत दिले, आता मशीनमध्ये तुम्ही आलाच नाहीत, घेऊ कशाचे? तुझ्या यादीत पैसे वाचवायच्या नऊ युक्त्या होत्या. ही दहावी लिहून घे. मग त्याला माझी कीव आली असावी. म्हणाला, त्या मुलीचा नंबर आहे माझ्याकडे, लावून देऊ का? मी म्हटलं, राहू दे. आणि टॅक्सी करून विमानतळावर गेले. परतताना तपासणी एकदम सुरळीत झाली. फोन नाही, पिना बॅगेत, दार हूं की चूं नाही. बाई म्हणाली, आजी, सगळे तुमच्यासारखे असते तर.

आता ते राहू दे का म्हटलं ते सांगते. तू दहाला आलीस ते मी ऐकलं होतं. भिंतीतलं दार किलकिलं होतं आणि तुझा आवाज मी हजारांत ओळखते, पितळेचं भांडं पडल्यासारखा आहे. तू विचारलंस, माझी आजी उतरलीय इथे. तो वर गेला, खाली आला, नाही म्हणाला. तू म्हणालीस, बाबांनी अडवलं असणार. आणि मी अभ्रा हातात धरून तशीच बसले. लठ्ठने भुवई उडवून विचारलं, तुझीच ना ही? मी मान हलवली, पण कशी, हो म्हणून की नाही म्हणून, ते तिलाही कळलं नसेल. गोष्ट अशी की तुझ्या बापाने मला अडवलं नव्हतं. त्यानेच पाठवलं होतं. विमानाच्या आदल्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, जा तू. पण सही करायच्या आधी तिला सांग. बिजवराशी लग्न करून, दुसरीचं पोर पदरात घेऊन, कसं जातं ते तिला सांग. तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? ऐकून करायचं असेल तर करू दे. तुझा तो रस्ते मोजायची नोकरी करणारा नवरा वाईट नाही, हे तुझ्या बापालाही ठाऊक आहे. बापाला भीती आहे ती तुझ्या नवऱ्याच्या चार वर्षांच्या पोरीची. आणि मी त्याला हो म्हणून आले. सगळ्या वाटेत, पिना काढताना, बिछाना घालताना, मी जुळवत होते, कसं गेलं म्हणून सांगू? बरं गेलं म्हणू? ते खोटं. वाईट गेलं म्हणू? तेही खोटं. माझ्या तोंडाचा पट्टा कोणापुढे थांबला नाही, मालकापुढे नाही, तुझ्या आजोबापुढे नाही, आणि तिथे जीभ टाळ्याला चिकटली. दाराच्या फटीतून तुझा हात दिसत होता आणि त्या पोरीचे केस. पोर काउंटरवरची घंटी सारखी बडवत होती. तू तिला म्हणालीस, एकदा सांगितलेलं कळत नाही का, आता वाजवलीस तर हात बांधून ठेवीन. जोरात म्हणालीस, चारचौघांत, कोण काय म्हणेल याची फिकीर न करता. ती तोंड वेडंवाकडं करून तुझ्याच पायाला चिकटली. मग तुम्ही गेलात. उठले असते तर तुझ्या बापाला दिलेला शब्द पाळावा लागला असता, नाहीतर मोडावा लागला असता. बसून राहिले, म्हणजे दोन्ही केलं नाही. ही माझी चूक. बाकीची काउंटरवाल्याची.

आता शेवटचं, ज्यासाठी मी चार दिवस हे पत्र लिहिते आहे. बाप तुला म्हणत होता ना, मला माहीत आहे सावत्र म्हणजे काय ते, आणि तू म्हणालीस की बाबा पुस्तकातलं बोलतात. पुस्तकातलं नाही बोलत. त्याला मी जन्म दिलेला नाही. त्याची आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, सहा महिन्यांनी मी आले, मी एकोणीस वर्षांची. पुढे आम्ही गाव बदललं आणि सांगायचं राहून गेलं, मग सांगायचं नाही असं ठरल्यासारखंच झालं. तुझं नाक आजीवर गेलंय असं लोक म्हणायचे तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो नाही. दोन वर्षं मी त्याला एका शब्दाने रागावले नाही. दूध सांडलं, पुसून घेतलं. पाटी फोडली, दुसरी आणली. आळीतल्या बायका म्हणायच्या, काय गुणाची आहे. आणि तो मला काहीच म्हणायचा नाही. ए म्हणायचा, किंवा समोर येऊन नुसता उभा राहायचा. मग एक दिवस तो विहिरीच्या काठावर चढून आत वाकून बघत होता. मी त्याला खाली ओढला आणि असा बडवला की माझाच हात सुजला. तो तडक शेजारच्या घरी गेला आणि तिथल्या बाईला म्हणाला, आमच्या आईने मारलं. भिंतीला कान लावून मी ते ऐकलं. कसं गेलं म्हणून विचारशील तर मला एवढंच सांगता येतं, याच्या मागचं पुढचं मला अजून लागत नाही. परवा हे सगळं मी तुझ्या बापालाही सांगितलं. विहिरीचं त्याला आठवत नाही म्हणतो. पण या वेळी उठून दुसऱ्या खोलीत गेला नाही. तू त्या पोरीवर ओरडलीस तेही त्याला सांगितलं. त्याने विचारलं, मग ती पोर काय म्हणाली. मला ऐकू आलं नाही, तुम्ही दाराबाहेर गेला होतात. काय म्हणाली ते त्याला कळव, पत्ता तोच आहे. आणि येऊ नकोस म्हणालीस ते माझ्यापुरतं कायम ठेवायचं की नाही, ते हे सगळं वाचून पुन्हा एकदा ठरव. मी मान्य करीन.

तुझीच, जी कोण लागत असेन ती,
आजी